चार गोल, पहिले स्थान आणि आठ दिवसांत तळ: गटसाखळीचे गणित

6 जानेवारी 2019 रोजी अबू धाबीच्या अल नाह्यान स्टेडियमवर भारताने थायलंडला 4-1 असे हरवले. फुटबॉलच्या आशियाई चषकातील भारताचा हा 1964 नंतरचा पहिला विजय होता. सुनील छेत्रीने दोन, अनिरुद्ध थापाने एक आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या जेजे लालपेखलुआने एक गोल केला. छेत्रीच्या आंतरराष्ट्रीय गोलांची संख्या त्या रात्री 67 झाली आणि तेवढ्यापुरती ती मेस्सीच्या संख्येपेक्षा दोनने अधिक ठरली, हा तपशील प्रत्यक्ष सामन्याहूनही अधिक गाजला. आदल्या दिवशी यजमान संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन यांचा सामना 1-1 असा बरोबरीत सुटला होता. त्यामुळे 'अ' गटाच्या तक्त्यात भारत एकटाच पहिल्या स्थानावर होता आणि थायलंड तळाला. दुसऱ्याच दिवशी थायलंडने आपले प्रशिक्षक मिलोवान रायेवाच यांना पदावरून दूर केले. 2010 मध्ये घानाला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारे हेच ते प्रशिक्षक.

आठ दिवसांनी, 14 जानेवारीच्या रात्री, हा तक्ता पूर्णपणे उलटला होता. थायलंड दुसऱ्या क्रमांकाने पुढच्या फेरीत गेला आणि भारत चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्रमांकावर राहून स्पर्धेबाहेर पडला.

'सुरुवात तर झकास झाली होती, मग असे कसे झाले?' हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. प्रत्येक मोठ्या स्पर्धेत कोणत्या ना कोणत्या देशाचे प्रेक्षक तो विचारतच असतात. 2026 पासून विश्वचषकात 48 संघ खेळवण्याची जी पद्धत ठरली, तिची रचना नेमकी 2019 च्या आशियाई चषकासारखीच आहे. म्हणून हा जुना 'अ' गट पुन्हा उलगडून पाहण्यासारखा आहे. भारताच्या वाट्याला त्या वेळी दुर्दैव आले, यात शंका नाही. मात्र पहिल्या विजयाची किंमत किती ठरणार, हे जिंकणाऱ्या संघाच्या हातात फारसे नसते, आणि ते का नसते हे आकड्यांवरून स्पष्ट दाखवता येते.

गटसाखळी म्हणजे काय

मोठ्या स्पर्धेत आधी संघांचे चार-चारांचे गट पाडतात. गटातील प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी एकेकदा खेळतो. यालाच गटसाखळी म्हणतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला प्रत्येकी एक, पराभवाला शून्य. (विश्वचषकात विजयाला तीन गुण देणे 1994 पासून सुरू झाले, त्याआधी दोनच मिळत.) गटसाखळी संपली की वरचे संघ बाद फेरीत जातात, जिथे एक पराभव म्हणजे परतीचा प्रवास.

चार संघांच्या गटात एकूण सहा सामने होतात. त्यांपैकी प्रत्येक संघ तीनच खेळतो. म्हणजे कोणत्याही संघाच्या दृष्टीने गटातले निम्मे सामने परके असतात: त्यांत त्याचा एकही खेळाडू मैदानावर नसतो, पण त्या सामन्यांतले गुण त्याच तक्त्यात जमा होतात. गटसाखळीविषयी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ कोडी सुटतात. आपण वृत्तपत्रांत स्वतःच्या संघाचे तीन सामने वाचतो आणि तक्ता मात्र सहा सामन्यांचा असतो.

आणखी एक साधा हिशेब करू. निकाली सामना तक्त्यात तीन गुण टाकतो, बरोबरीचा सामना दोनच. म्हणून गटातील एकूण गुण बारापासून अठरापर्यंत काहीही असू शकतात, आणि या गुणांची वाटणी किती सम किंवा किती विषम झाली, यावर तीन गुणांचे मोल ठरते. तीन गुणांवर एखादा संघ गटात दुसरा येऊ शकतो (एकाने तिघांनाही हरवले आणि त्या तिघांनी एकमेकांना फिरून हरवले, तर), तिसरा येऊ शकतो किंवा शेवटचाही.

पहिल्या सामन्यानंतरचा तक्ता पाहणे हे मतमोजणीच्या पहिल्या फेरीनंतर निकाल वर्तवण्यासारखे आहे. आकडे खरे असतात, आघाडीही खरी असते. फक्त कोणत्या भागातील पेट्या अजून उघडायच्या आहेत, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

'अ' गटातले परके सामने

भारताचा दुसरा सामना 10 जानेवारीला यजमानांशी झाला. 41 व्या मिनिटाला खलफान मुबारकने आणि 88 व्या मिनिटाला अली मब्खूतने गोल केला. भारत 0-2 हरला. भारताचे दोन फटके गोलखांबाच्या आडव्या दांडीला लागून परत आले, हे त्या आकड्यांत दिसत नाही. त्याच दिवशी नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली उतरलेल्या थायलंडने बहारीनला 1-0 असे हरवले. आता तक्ता असा झाला: अमिराती 4, भारत 3, थायलंड 3, बहारीन 1.

अखेरचे दोन्ही सामने 14 जानेवारीला एकाच वेळी सुरू झाले. शारजात भारत विरुद्ध बहारीन, अल ऐनमध्ये अमिराती विरुद्ध थायलंड. अल ऐनमध्ये यजमानांनी सातव्याच मिनिटाला आघाडी घेतली, पण मध्यंतरापूर्वी थायलंडने बरोबरी साधली आणि तो सामना 1-1 असाच संपला. शारजात नव्वद मिनिटे एकही गोल झाला नव्हता. तोच निकाल टिकता तर भारताचे चार गुण झाले असते, थायलंडचेही चारच असते, आणि थायलंडला हरवलेले असल्यामुळे भारत गटात दुसरा आला असता. भरपाई वेळेच्या (खेळ थांबल्याबद्दल नव्वद मिनिटांनंतर दिलेल्या जादा वेळेच्या) पहिल्याच मिनिटाला बहारीनला पेनल्टी मिळाली, जमाल राशिदने ती गोलात घातली आणि बहारीनचेही चार गुण झाले. अमिराती 5, थायलंड 4, बहारीन 4, भारत 3.

आता भारताला वगळून गट पाहू. भारत ज्यांत खेळलाच नाही, अशा तीन सामन्यांपैकी दोन बरोबरीत सुटले आणि एक थायलंडने जिंकला. या तीन सामन्यांतून सात गुण तक्त्यात आले आणि त्यांतले चार एकट्या थायलंडने नेले. म्हणजे भारताने ज्या संघाला लोळवले, तो संघ त्यानंतर गटात एकदाही हरला नाही. भारताच्या घसरणीतला हा सर्वांत महत्त्वाचा दुवा असूनही त्याची चर्चा सर्वांत कमी झाली, कारण तो भारताच्या सामन्यांत नव्हता.

याची दुसरी बाजू आणखी बोलकी आहे. समजा, शारजात भारत बहारीनकडून हरलाच असता, पण अल ऐनमध्ये अमिरातीने आणखी एक गोल करून थायलंडला हरवले असते. मग थायलंड तीनच गुणांवर राहिला असता, त्याला हरवलेले असल्यामुळे भारत तिसरा आला असता, आणि पुढे ज्या नियमाविषयी लिहिले आहे त्या नियमानुसार दोन पराभव घेऊनही बाद फेरीत पोहोचला असता.

'पण चार गोल केले होते ना?'

ही शंका रास्त आहे. 4-1 सारख्या विजयाला 1-0 पेक्षा काही अधिक मोल नको का?

मोल असते, पण ते राखीव असते. केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा केले की गोलफरक मिळतो. क्रिकेटच्या प्रेक्षकाला तो निव्वळ धावगतीच्या जागी ठेवून समजून घेता येईल: गुण समान झाले तरच त्याच्याकडे बघायचे. भारताने एकूण चार गोल केले, चार खाल्ले, गोलफरक शून्य. थायलंडने तीन केले, पाच खाल्ले. गोलफरक उणे दोन. भारताचे चार गोल गटात सर्वाधिक होते. अमिरातीनेही तेवढेच केले होते. तरीही भारत तळाला, कारण भारताचे गुण कोणाशीच समान झाले नाहीत आणि त्यामुळे गोलफरकाचा कप्पा उघडलाच गेला नाही.

त्यातही आशियाई चषकात गुण समान झाले तर आधी परस्पर लढत पाहतात, म्हणजे बरोबरीत आलेल्या त्या दोन संघांच्या आपसांतल्या सामन्यात कोण जिंकले होते ते. थायलंड आणि बहारीन दोघांचेही चार गुण होते. बहारीनचा गोलफरक शून्य म्हणजे थायलंडपेक्षा चांगला होता, तरी आपसांतला सामना जिंकल्यामुळे थायलंड दुसरा आला. 2022 पर्यंतच्या विश्वचषकांत याच्या उलट, म्हणजे आधी गोलफरक पाहिला जाई. कोणत्या स्पर्धेत कोणता निकष आधी लागतो, हे पहिल्या दिवशीच माहीत असलेले बरे. संघांना ते माहीत असतेच, गैरसमज प्रेक्षकांचा होतो.

मोठ्या विजयाचा साठा खरोखर कामाला आल्याचे उदाहरणही आहे. 2024 च्या युरो (युरोपीय देशांच्या) स्पर्धेत 'इ' गटात रुमानियाने पहिल्या सामन्यात युक्रेनला 3-0 असे हरवले. त्यानंतर रुमानिया बेल्जियमकडून हरला आणि स्लोवाकियाशी बरोबरीत राहिला. गटाचा शेवट असा झाला की चारही संघांचे प्रत्येकी चार गुण. चौघेही समान असल्यामुळे परस्पर लढत म्हणजे सगळेच सामने. अखेर गोलफरक आणि केलेले गोल पाहावे लागले. रुमानिया गटात पहिला आला. युक्रेन चार गुण मिळवूनही तळाला राहून घरी गेला. पहिल्या सामन्यातला तीन गोलांचा फरक इथे निर्णायक ठरला, आणि भारताच्या गटात तेवढाच फरक निरुपयोगी ठरला. विजय जवळपास सारखाच होता. बाकीच्या संघांच्या गुणांनी त्याचे भवितव्य ठरवले.

तिसऱ्या क्रमांकाचे दार

2019 च्या आशियाई चषकात 24 संघ होते, सहा गट होते आणि बाद फेरीत 16 जागा होत्या. प्रत्येक गटातले पहिले दोन घेतले तर बाराच होतात. उरलेल्या चार जागांसाठी सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची एक वेगळी यादी करून तिच्यातले वरचे चार घेतले गेले. यांना सर्वोत्तम तिसरे संघ म्हणतात.

त्या यादीत बहारीन चार गुणांवर पहिला होता. पुढचे दोन संघ पाहिले की भारतीय प्रेक्षकाने थोडे थबकावे असे काही दिसते. किरगिझस्तान: एक विजय, दोन पराभव, चार गोल केले, चार खाल्ले. ओमान: एक विजय, दोन पराभव, चार गोल केले, चार खाल्ले. भारताची कामगिरी आकडा न् आकडा हीच होती. ते दोघे पुढे गेले. पाठोपाठ व्हिएतनाम आणि लेबनॉन, दोघांचेही तीन गुण, चार गोल केलेले आणि पाच खाल्लेले. म्हणजे भारतापेक्षा एक गोल अधिक खाल्लेला. त्यांच्यातला निवाडा पिवळ्या कार्डांच्या संख्येवरून झाला, व्हिएतनामची कार्डे कमी असल्यामुळे तो पुढे गेला, आणि पुढे जॉर्डनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

किरगिझस्तान, ओमान आणि व्हिएतनाम हे तिन्ही संघ पहिले दोन सामने हरले होते. यांपैकी एकाचीही सुरुवात आश्वासक नव्हती.

मग फरक कशाचा पडला? गटाच्या घडणीचा. किरगिझस्तानच्या गटात दक्षिण कोरिया 9, चीन 6, किरगिझस्तान 3, फिलिपिन्स 0. ओमानच्या गटात जपान 9, उझबेकिस्तान 6, ओमान 3, तुर्कमेनिस्तान 0. व्हिएतनामच्या गटात इराण आणि इराक प्रत्येकी 7, व्हिएतनाम 3, येमेन 0. या प्रत्येक गटात कोणीतरी एक संघ शून्यावर राहिला, म्हणून तीन गुणांचा संघ तिसरा आला. भारताच्या गटात शून्यावर कोणीच नव्हते. गुणांची वाटणी 5, 4, 4, 3 अशी जवळजवळ सारखी झाली, आणि सारखी वाटणी तीन गुणवाल्याला सर्वांत महागात पडते.

पहिला सामना जिंकलेल्या संघाच्या पाठीराख्यांनी बाकीच्या सामन्यांत कोणाच्या बाजूने असावे, याचे उत्तर यातून मिळते आणि ते अंतःप्रेरणेच्या विरुद्ध आहे. बलाढ्य संघ अडखळावा, अशी इच्छा आपल्याला होते. पण ज्याला पहिल्या दोनांत येण्याची खात्री नाही, त्याच्या सोयीचे हे असते की बलाढ्य संघाने सगळ्यांनाच हरवावे आणि आपण हरवलेल्या संघाने पुढेही हरत राहावे. 5 जानेवारीला अमिरातीला बहारीनविरुद्ध 88 व्या मिनिटाच्या पेनल्टीवर कशीबशी बरोबरी मिळाली, तेव्हा भारतीय चाहत्यांना आनंद झाला असेल, तर तो हिशेबाच्या दृष्टीने काहीसा घाईचा होता.

'आकडे सारखे, मग हा अन्याय नाही का?'

थोडा आहे. वेगवेगळ्या गटांतले तिसरे संघ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेले असतात, आणि त्यांना एका यादीत बसवणे मुळातच ओबडधोबड आहे. दुबळा संघ ज्याच्या गटात आला, त्याला आयते तीन गुण आणि वर गोलफरक मिळतो.

दुसरा दोष वेळेचा आहे. 'अ' गटाचे सामने 14 जानेवारीला संपले. 'इ' आणि 'फ' गटांचे 17 जानेवारीला. म्हणजे शेवटच्या गटांतल्या संघांना नेमके किती गोल हवेत ते मैदानात उतरतानाच ठाऊक होते. ओमान तुर्कमेनिस्तानविरुद्ध 2-1 ने पुढे होता. तेवढ्यावर तो बाहेर गेला असता. भरपाई वेळेत मोहम्मद अल मुसलमीने तिसरा गोल केला आणि ओमान आत आला. त्याच दिवशी लेबनॉनने उत्तर कोरियाला 4-1 असे हरवले आणि तरीही कार्डांवर मागे पडला. पहिल्या गटातल्या संघाला अशी सोय नसते. तो आपले सामने संपवून इतरांच्या निकालांकडे डोळे लावून बसतो. 2016 च्या युरोत अल्बानिया तीन गुण घेऊन असाच थांबून राहिला आणि पुढच्या गटांचे निकाल लागल्यावर बाहेर पडला.

त्याच युरोत पोर्तुगालनेही तीनच गुण मिळवले होते, तिन्ही सामने बरोबरीत. चार गोल केले, चार खाल्ले. तिसऱ्या क्रमांकाने तो कसाबसा बाद फेरीत शिरला आणि स्पर्धा जिंकला.

बेरीज तीच असूनही एक संघ विजेता होतो आणि दुसरा गटाच्या तळाला राहतो, याला पूर्ण अन्याय म्हणावे असे मला वाटत नाही. नियम सर्वांना आधीपासून माहीत होता आणि भारताला शारजात फक्त एक गुण हवा होता. पण कामगिरीची तुलना करताना केवळ 'पुढे गेले' आणि 'बाहेर पडले' एवढ्यावर निकाल देणारे विश्लेषण उथळ असते, हे मात्र या आकड्यांवरून मान्य करावे लागेल. सामन्यानंतर लगेचच प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी राजीनामा दिला. ओमान आणि किरगिझस्तानच्या खात्यावर भारताहून अधिक काहीच नव्हते.

बरोबरीसाठी खेळणे चुकले का

शारजातील सामन्याबद्दल सर्वाधिक टीका झाली ती याची की भारत केवळ बचाव करत राहिला. गणित म्हणून बरोबरीचे उद्दिष्ट चुकीचे नव्हते. चार गुण झाले की भारत गटात निदान तिसरा येणारच होता आणि चार गुणांचा तिसरा संघ त्या स्पर्धेत सहज पुढे जात होता. प्रश्न प्रतिस्पर्ध्याच्या गरजेचा होता. बहारीनकडे एकच गुण होता; बरोबरी झाली तर त्याचे दोन होऊन तो तळाला राहणार होता. पराभव आणि बरोबरी यांत त्याच्यासाठी काहीच फरक उरला नव्हता, म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत तो सर्व बळानिशी पुढे येत राहिला. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही आहे आणि ज्याच्याकडे काहीच नाही, अशा दोघांच्या सामन्यात वेळ जसजसा सरतो तसतसा पहिला आक्रसत जातो आणि दुसरा धाडसी होतो. त्यातच भारताचा बचावपटू अनस एडाथोडिका पहिल्या काही मिनिटांतच जायबंदी होऊन बाहेर गेला होता. उद्दिष्ट बरोबर होते. चेंडूच दुसऱ्याच्या ताब्यात सोडून ते गाठण्याची पद्धत मला तरी चुकीची वाटते, कारण गोलक्षेत्राजवळ जितका वेळ चेंडू राहतो तितकी पेनल्टीची शक्यता वाढते.

मतमोजणीची उपमा इथे अपुरी पडते. पेट्या कोणत्याही क्रमाने उघडल्या तरी आतली मते बदलत नाहीत. फुटबॉलमध्ये मात्र आधीचे निकाल पाहून पुढचे सामने खेळले जातात. पहिल्या पराभवाने थायलंडला प्रशिक्षक बदलायला भाग पाडले. पहिल्या विजयाने भारताला तिसऱ्या सामन्यात सावध राहण्याची मुभा दिली. क्रमाला गुण नसतात, पण क्रमाचा परिणाम असतो.

'म्हणजे पहिल्या विजयाला अर्थच नाही?'

तसे नाही. 1990 मध्ये कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात गतविजेत्या अर्जेंटिनाला 1-0 असे हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. 2002 मध्ये सेनेगलने गतविजेत्या फ्रान्सला तशाच फरकाने हरवून तेवढीच मजल मारली. दुसरीकडे 22 नोव्हेंबर 2022 रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले, दुसऱ्या दिवशी देशात सुट्टी जाहीर झाली, आणि पुढे पोलंड व मेक्सिकोकडून हरून सौदी संघ गटात शेवटचा आला. त्या गटाचे गुण होते 6, 4, 4, 3. वरचा एक आकडा सोडला तर ही भारताच्या गटाचीच प्रत आहे. अर्जेंटिना विश्वविजेता झाला, आणि 2010 मध्ये पहिला सामना स्वित्झर्लंडकडून हरलेला स्पेनही तसाच विश्वविजेता झाला होता.

कधीकधी दोन विजयही पुरत नाहीत. 1982 मध्ये स्पेनमधील विश्वचषकात अल्जीरियाने पहिल्या सामन्यात पश्चिम जर्मनीला 2-1 असे हरवले आणि नंतर चिलीलाही हरवले. अल्जीरियाचा अखेरचा सामना 24 जूनला झाला. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा दुसऱ्या दिवशी, हिहोन शहरात. पश्चिम जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघेही पुढे जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि त्यानंतर जवळजवळ ऐंशी मिनिटे चेंडू निरुद्देश फिरत राहिला. तीन संघांचे गुण समान झाले आणि गोलफरकावर अल्जीरिया बाहेर पडला. गटातले अखेरचे दोन सामने एकाच वेळी खेळवण्याची प्रथा विश्वचषकात 1986 पासून सुरू झाली, तिचे कारण हा सामना. शारजा आणि अल ऐनमध्ये एकाच वेळी शिट्टी वाजली, तीही त्यामुळेच.

आश्वासक सुरुवात खेळाबाहेरच्या कारणानेही पुसली जाते. जानेवारी 2022 मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी 0-0 अशी बरोबरी केली. नंतर संघात कोविडची लागण झाल्याने चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) पुरेसे खेळाडूच उभे करता आले नाहीत. भारताने माघार घेतल्याचे धरले गेले आणि त्याचे निकाल रद्द ठरले. इराणने मिळवलेला गुणही त्याबरोबर गेला.

48 संघांच्या विश्वचषकात काय बदलते

नव्या रचनेत बारा गट आहेत. प्रत्येकातले पहिले दोन आणि बारा तिसऱ्या संघांपैकी आठ असे 32 संघ बाद फेरीत जातात. सहापैकी चार आणि बारापैकी आठ, 24 पैकी 16 आणि 48 पैकी 32: प्रमाण तेच. 32 संघांच्या जुन्या पद्धतीत तिसऱ्या क्रमांकाला काहीच मिळत नसे. त्यामुळे पहिल्या विजयाचे तीन गुण आता पूर्वीपेक्षा नक्कीच अधिक मोलाचे झाले आहेत. मात्र ती खात्री नव्हे, हे 'अ' गटाने 2019 मध्येच दाखवून दिले.

म्हणून पहिल्या सामन्यानंतर तक्ता पाहताना स्वतःच्या संघाच्या ओळीपेक्षा इतर तीन ओळींकडे अधिक लक्ष द्यावे. बाकीचे सामने बरोबरीत सुटत असतील तर गुण सारखे वाटले जात आहेत आणि तीन गुणांवर भागणार नाही. एखादा संघ सपाटून हरत असेल, तर दार उघडे राहण्याची शक्यता वाढते. आणि आपला गट आधी संपणार की शेवटी, हेही पाहावे, कारण शेवटी खेळणाऱ्याला उत्तरपत्रिका अर्धी दिसत असते.

ही रचना ठरण्यामागेही अखेरच्या दिवसाचाच विचार होता. 2017 मध्ये 'फिफा'ने 48 संघांसाठी तीन-तीन संघांचे सोळा गट करायचे ठरवले होते. तीनच्या गटात अखेरच्या दिवशी एक संघ अपरिहार्यपणे बाहेर बसतो, आणि मैदानातल्या दोघांना सोयीचा निकाल आधीच कळलेला असतो. म्हणजे हिहोनची पुनरावृत्ती होण्याची वाट मोकळी. 2022 च्या विश्वचषकातील गटांचे अखेरचे दिवस चुरशीचे झाल्यावर मार्च 2023 मध्ये तो निर्णय बदलून चार-चारांचे बारा गट करण्यात आले. त्यासाठी सामन्यांची संख्या आधी ठरलेल्या 80 वरून 104 करावी लागली, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला आता सातऐवजी आठ सामने खेळावे लागतात.